सगुणाने ठेवलेला नारळ

सगुण कंडक्टरने आयुष्यात एकाच माणसावर पुरता विश्वास ठेवला होता, ती त्याची आई. पण लहानपणी ती कडू गोळी गुळात लपवून द्यायची, हे त्याला मोठेपणी कळलं आणि तेही दुकान बंद झालं.

तसा माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाईट करणं त्याच्या रक्तात नव्हतं. दुसरे करतील, एवढंच त्याला सतत वाटायचं. साखळीहून पणजीला जाणाऱ्या बसवर त्याची सगळी नोकरी गेली. आधी खाजगी करेरवर, म्हणजे त्या जुन्या नाकाड्या बसवर, आणि पुढे सरकारी गाड्या आल्या तेव्हा कदंबवर. करेरच्या पायरीवर उभं राहूनच त्याची नजर तयार झाली. माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघू लागला की समजावं, ह्याने तिकीट काढलेलं नाही. बाई मांडीवरच्या मुलाला उगाच थोपटू लागली की समजावं, मुलाचं वय चोरलेलं आहे. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघायचं, आणि चुकायचं ते तो विसरून जायचा. संशयी माणसाचं भांडवल ते हेच.

भाषेच्या आंदोलनात रोज कुठे ना कुठे रस्ता अडलेला असायचा. मराठीवाल्यांनी बस अडवली की सगुणाला वाटायचं, हे कोंकणीवालेच असणार, आपल्याला जोखायला आलेत. कोंकणीवाल्यांनी अडवली की उलट. त्यामुळे त्या दिवसांत तो तोंडातून शब्दच काढत नसे, नुसती शिटी वाजवायचा. पुढे गोवा राज्य झालं, तेव्हा डेपोत कुणीतरी पेढे वाटले. सगळ्यांनी तोंडात टाकले. सगुणाने आपला अर्धा पेढा तिथल्या कुत्र्याला घातला, आणि कुत्रं शेपूट हलवत परत आलं तेव्हा उरलेला अर्धा खाल्ला. ही गोष्ट त्याची बायको सुलोचना सगळ्यांना सांगायची, आणि ती आपली बदनामी का करते, असा सगुणाला संशय यायचा.

राज्य होऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर तो निवृत्त झाला. एकुलती लेक शीतल लग्न होऊन वास्कोला गेलेली. घरात दोघंच. आधी जो संशय बसभर माणसांवर वाटला जायचा, तो आता दोनच घरांवर पडू लागला. एक स्वतःचं आणि दुसरं शेजारच्या भिकाजीचं.

दोन्ही घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, कमरेएवढा. पलीकडे भिकाजी आणि त्याची बायको यशोदा. भिकाजी मूळचा दोडामार्गाकडचा. खाणीवर मजुरीला म्हणून आला आणि पुढे गावातल्या भाताच्या गिरणीवर लागला, तो तिथेच टिकला. एवढी वर्षं गावात राहूनही गावाच्या लेखी तो भायलोच, म्हणजे बाहेरचा. त्यात यशोदेचा भाऊ तिकडे गावात घाडी. भूत उतरवणारा, देवाला कौल लावणारा. झालं! ज्याचा मेहुणा घाडी, त्याच्या दारातलं लिंबूसुद्धा सगुण पायाने बाजूला सारायचा नाही, काठीने सारायचा.

आता पिल्लांचं सांगतो. पाऊस सरला, दिवाळी तोंडावर आली, तेव्हा गिरणीचे जुने पत्रे बदलायला काढले. माळ्यावर वर्षानुवर्षं घुबडाचं जोडपं राहायचं. पांढऱ्या तोंडाचं, उंदीर खाणारं. त्याला तिकडे घुगूम म्हणतात आणि त्याला सगळे भितात. ते छपरावर बसलं की घरातलं माणूस जातं. त्याला दगड मारावा तर तो दगड ते चोचीत धरून नदीवर नेतं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. पत्रा उचकटताना घरटं खाली आलं आणि भुशाच्या ढिगात तीन पिल्लं पडली. एक मोठं, एक मधलं आणि एक एवढंसं. अंगभर पांढरी लव, तोंड विड्याच्या पानासारखं आणि आवाज पंक्चर झालेल्या टायरचा. नवरा-बायको घुबडं आवाजाने बुजून जी उडाली ती परत फिरकली नाहीत.

गिरणीचा मालक लांबूनच म्हणाला, नदीत टाका. पत्रे बदलणाऱ्यांपैकी एकाने लगेच पिल्लं टॉवेलात बांधायला घेतली. सगुण भात कांडून घ्यायला आलेला. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"न्हंयत सोडूंक जाय तर टुवालांत कित्याक बांदता रे?" त्याने विचारलं.

तो माणूस हसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. बस्स! सगुणाला तेवढं पुरे होतं. दिवाळीची अमावास्या तीन आठवड्यांवर आलेली. घुबडाचं पिल्लू कशाला लागतं, कोण कुठल्या गुप्तधनासाठी कापतं, ह्या गोष्टी त्याने बसमध्ये पुष्कळ ऐकल्या होत्या. त्याने टॉवेल ओढून घेतला, पिल्लं भाताच्या पाटीत ठेवली आणि तांदूळ तिथेच टाकून घरी आला. त्याच्या संशयाने तीन जीव वाचवले, हे कबूल करायलाच हवं. त्याची ती सगळ्यांत चांगली सकाळ होती.

सुलोचना पेडण्याची. पाटीत डोकावून ती दोन पावलं मागे सरली.

"ह्या काय हाडलंत घरात? घुगमाची पिल्लां? लक्ष्मीचा वाहन म्हणान लक्ष्मी येतली असा वाटता तुमका?"

"वाडोवन सोडून दितलों," सगुण म्हणाला. "उडूंक लागलीं की जावं दी जाय थंय."

मोठी करून सोडून देणार. एवढाच त्याचा बेत होता आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेनासं झालं. ज्या माणसाने कधी मांजराला कुरवाळलं नव्हतं, तो गोठ्याच्या माळ्यावर पाटी ठेवून तिच्यासमोर पाटावर बसून राहायचा. पाटीवर मासे पकडायच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलेला. कुणी पिल्लू बदललं तर कळावं म्हणून त्याने सुलोचनेच्या दोऱ्यांतून तीन रंग काढून प्रत्येकाच्या पायाला एकेक दोरा बांधला. मोठ्याला काळा, मधल्याला हिरवा, धाकट्याला लाल. घुबडाचं पिल्लू बदलून घुबडाचंच दुसरं पिल्लू कोण कशाला ठेवील, हे सुलोचनेने विचारलं. दोरे मात्र राहिले.

खायला काय घालायचं, हा घोळ झाला. बेकरीवाल्या पदेराचा पाव दुधात भिजवून दिला, पिल्लांनी तोंड फिरवलं. पेज दिली, ती अंगावर सांडून घेतली. बांगड्याचा तुकडा मोठ्याने चोचीत धरला आणि थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी धाकट्याची मान कलायला लागली. तेवढ्यात मांजराने एक उंदीर आणून सुलोचनेच्या पायाशी टाकला. तिने चिडून तो शेपटीला धरून पाटीत भिरकावला आणि तो पाटीत पडायच्या आत नाहीसा झाला. नुसती शेपटी मोठ्याच्या चोचीबाहेर वळवळत होती. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. त्या घरात असं हसू कितीतरी दिवसांनी झालं.

पण रोज उंदीर आणायचे कुठून? तिथे भिकाजी आला.

गिरणीत उंदरांना तोटा नव्हता. भिकाजी सापळे लावायचा, सकाळी मेलेले उंदीर काढून टाकायचा. पिल्लांचं कळल्यावर तो केळीच्या पानात गुंडाळून चार-पाच उंदीर आणून गडग्यावर ठेवू लागला. कंडक्टरला गाव मास्तरच म्हणायचं.

"घेवा मास्तरांनू. रोज गावतत. नायतरी मी टाकूनच देतंय."

पिल्लं फुगली. लवेतून खरी पिसं डोकावू लागली, धाकटंसुद्धा जाळ्याशी झटू लागलं. भिकाजी रोज गडग्यावर कोपरं टेकून विचारायचा, "मोठो कितको झालो? पंख फुटले? उडूक लागतलो तेव्हा माका सांगा हां." कधी माळ्यावर येऊन बघून जायचा. गिरणीत इतकी वर्षं डोक्यावर वावरलेल्या घुबडांची ती पोरं. त्याला माया वाटणं साहजिक होतं. गिरणी सुनी झाली, असंही एकदा तो म्हणाला.

सगुण रात्री जेवताना भिकाजीबद्दल म्हणाला, "हो इतल्या मोगान कित्याक विचारता?"

"माणूस बरो असा म्हणान."

"बरो मनीस फुकट उंदीर हाडीना."

सुलोचनेने कढीचा वाडगा पुढे सरकवला. पण सगुणाची गाडी सुटलेली होती. अमावास्या जवळ आली. ह्याचा मेहुणा घाडी. पिल्लं लहान आणि रोडकी काय कामाची, म्हणून हा ती पोसून घेतोय आपल्याकडून. आणि उडतील कधी, ते त्याला आधी कळायला हवंय. हिशोब कसा बिनचूक जुळला! त्यात त्याला आठवलं की मागल्या साली गिरणीत उंदरांना विषाच्या गोळ्या घातल्या होत्या. मेलेला उंदीर सापळ्याने मेला की गोळीने, हे कुणाला कळणार? दुसऱ्या सकाळी भिकाजी पान घेऊन आला तेव्हा सगुण गडग्याशी हात मागे बांधून उभा होता.

"फाल्यांसून नाका. आयचेय नाका. हांवूच धरतां."

"कित्या? काय झाला?"

"कांय ना."

भिकाजीने पान पुन्हा नीट गुंडाळलं. मग ते पान घेऊन परत गेला.

सगुणाने साखळीच्या बाजारातून दोन सापळे आणले. एक गोठ्यात लावला, एक न्हाणीत. पण त्याच्या घरच्या उंदरांना मांजराने आधीच शहाणं केलेलं होतं. एखाद्या दिवशी एक सापडायचा, एखाद्या दिवशी नुसतं खोबरं गायब. तीन तोंडं आणि एक उंदीर. सगुण तो मोठ्यापुढे धरायचा, कारण मोठं चोच पुढे करायचं, आणि धाकट्याला म्हणायचा, तुला उद्या. दिवस कलला की पिल्लांचं फुसफुसणं सुरू व्हायचं ते थांबायचंच नाही. सुलोचना म्हणाली, भिकाजीला सांगा. सगुण म्हणाला, तो त्याचीच तर वाट बघतोय.

एका दुपारी सगुण विहिरीवरून येत होता. भिकाजी गोठ्यामागे गडग्याला लागून उभा दिसला, मान वर करून, कान देऊन. सगुण दिसताच तो घरात गेला.

आणि दुसऱ्या सकाळी पाटीत दोनच पिल्लं होती.

लाल दोऱ्याचं नव्हतं. तळाशी थोडी पांढरी लव विखुरलेली, दुसरं काही नाही. जाळं बांधलेलं होतं, पण सगुणाला गाठ आपली वाटेना. आपण गाठ उजवीकडे मारतो, ही डावीकडे आहे, असं तो शपथेवर सांगू लागला. पाटी फिरवली असेल, असं सुलोचना म्हणाली, तर तिच्यावरच डोळे वटारले. अमावास्या परवावर आलेली. अजून काय पुरावा हवा?

तो भिकाजीशी भांडला नाही. त्याने त्याहून वाईट केलं.

त्या भागात चोरीचा छडा लागत नसला की पोलिसांकडे कुणी जात नाही. गावदेवी सातेरीपुढे नारळ ठेवतात. गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, गुन्हेगाराला काय शिक्षा व्हावी ते सांगतो, आणि जमलेले सगळे होकार देतात. नाव कुणाचं घ्यायचं नाही, ते देवीने शोधायचं. पण नारळ ठेवणारा कुणाच्या शेजारी राहतो ते गावाला माहीत असतं. नारळ ठेवला की निम्मे चोर आपण होऊन वस्तू परत करतात, इतका त्याचा धाक. सगुणाला वाटलं, पिल्लू जिवंत असेल तर आजच परत येईल.

अनंत गुरवाने विचारलं, "मास्तर, घुगमाच्या पिल्लाखातीर नारळ? विचार केलास मरे?"

"केला," सगुण म्हणाला.

गुरवाने नारळ देवीच्या उंबऱ्याशी ठेवला, हात जोडले आणि त्याच्या त्या खड्या आवाजात सुरू केलं, "व्हय म्हाराजा! आई सातेरी, ह्या सगुणाच्या घरचा एक मुका पिल्लू नाहीसा झाला. ज्या कोणाच्यापायी त्या पिल्लाचो घात झालो आसात, तो गावचो असो वा भायलो असो, तेच्या घशाखाली सुखान घास उतरू देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात बसलेली पाच-पन्नास माणसं म्हणाली. त्यांतली निम्मी भिकाजीच्या घराच्या दिशेला बघत म्हणाली.

पिल्लू परत आलं नाही. अमावास्या होऊन गेली. दिवाळीत भिकाजीच्या घरी पोहे खायला कुणी गेलं नाही. गिरणीवर बायका भात ठेवून लांब उभ्या राहू लागल्या, त्याच्या हातून सूप घेईनात. यशोदा विहिरीवर आली की बोलणं थांबायचं. आणि दिवाळीनंतर भिकाजीला ताप भरला. त्याला अन्न जाईना. गाव काय म्हणालं असेल ते सांगायला नको! नारळ लागला. सगुणाने ते ऐकलं आणि, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. भिकाजी मरावा असं नाही, पण आपलं बरोबर निघालं, ह्याचं जे समाधान असतं ते त्याला झालं. वाईट समाधान असतं ते.

इकडे दोन पिल्लांचे हाल तेच. मोठं धष्टपुष्ट, मधलं मात्र दिवसेंदिवस कोपऱ्यात सरकत चाललेलं. पिल्लं न पचलेली हाडं-केस काळ्या गोळीसारखे ओकून टाकतात. सगुण त्या गोळ्याही सोडत नसे. आपल्या नकळत कुणी काही खायला घालत नाही ना, हे बघायला तो काडीने एकेक गोळी फोडायचा. एका सकाळी पाटी झाडताना खाली सुकलेली, नेहमीपेक्षा मोठी गोळी निघाली. त्याने ती पायरीवर घेतली आणि फोडली.

आत लाल दोरा होता. गाठीसकट. त्या गाठीत काडेपेटीच्या काडीएवढं हाड अडकलेलं.

सगुण पायरीवरच बसला. माळ्यावरून मोठं पिल्लू त्याच्याकडे बघत होतं, मान एका बाजूला करून, रोज बघायचं तसंच. चोर बाहेरून आलाच नव्हता. काखेत कळसा आणि ह्याने गावाला वळसा घालून देवीला कामाला लावलं होतं. त्याने पिल्लाचा राग करून बघितला; जमेना. भुकेलं होतं ते. धाकटं आधी मेलं असेल मग खाल्लं, की खाल्लं म्हणून मेलं, हे सांगायला कुणी नव्हतं.

त्याने दोरा सुलोचनेपुढे धरला. तिने गाठ बोटाने चाचपली. मग म्हणाली, "आता नारळ उचला. आणि बेगीन उचला, नायतर ह्या दुसऱ्याचाय तसाच होतला."

ते त्यालाही दिसत होतं. मधलं पिल्लू वाचवायचं तर उंदीर हवेत, उंदीर भिकाजीकडे, आणि भिकाजीच्या दाराशी जायचं तर मध्ये नारळ ठेवलेला. तरी दोन दिवस सगुण नुसता अंगणात फेऱ्या मारत होता. ताटावर बसायचा आणि हात धुवायचा. घशाखाली घास उतरत नव्हता. ते शब्द कुणाचे, हे त्याला पक्कं आठवत होतं, आणि तो भ्याला.

ठेवलेला नारळ गुपचूप उचलता येत नाही, ही त्यातली खरी अडचण. ज्यांच्यासमोर ठेवला त्यांच्यासमोर उचलायचा, आणि गुन्हेगार सापडला असेल तर त्याचं नाव देवीला सांगायचं, तेव्हा कुठे देवी कामातून मोकळी होते. मंगळवारी देऊळ भरलं. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? भिकाजीही आला होता, अंगाला चादर लपेटून, खांबाला टेकून. शेजारी यशोदा.

अनंत गुरवाने विचारलं, "गावलो काय चोर?"

सगुणाने घरून पाठ करून आणलेलं एका दमात म्हणून टाकलं, "चोर ना कोण. व्हडल्या पिलान धाकलें पिलूं खालें. हांवें सूत पळयलां."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी खिदळलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं. गुरवालासुद्धा हसू आवरेना. सगुणाला घाम फुटला होता, पण आत कुठेतरी हायसं वाटलं. हसतील, विसरतील, सुटलो. गुरवाने नारळाकडे हात नेला.

"थांबा," यशोदा म्हणाली. तिने कधी देवळात तोंड उघडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. "पिल्लान पिल्लू कित्या खाल्ल्यान? भुकेन खाल्ल्यान. ती पिल्लां तिन्हीसांजेक भुकेन फुसफुसायची तर आमका घरात घास गोड लागा नाय. ह्यांनी उंदीर गडग्यार नेले, ते ह्यांका परत हाडूक लावले. मगे घात कोणाच्यापायी झालो, ता पण देवीक सांगा. माझो घोव चवदा दिस चोर होऊन ऱ्हवलो हा."

हसणं थांबलं.

सगुण वळून बघू लागला. एकेका तोंडाकडे बघितलं त्याने, जन्मभराच्या सवयीने. गुरवाकडे, गिरणीच्या मालकाकडे, सुलोचनेकडे, शेवटी खांबाशी चादरीत थरथरणाऱ्या त्या माणसाकडे. तिथे संशय घ्यावा असं काही सापडेना. तापाने ओठ फुटले होते त्याचे, बाकी काही नाही. सगुणाला लाज वाटली. नुसती नाही, पायाखालच्या जमिनीने पोटात घेतलं तर बरं, अशी लाज.

"म्हजें नांव घे," तो गुरवाला म्हणाला.

गुरव गडबडला. "अरे, गाऱ्हाणां घातला तेच्यात शिक्षा असा. नाव घेतलंय तर ती तुज्यार येतली."

"येवं दी. हांवेंच उंदीर बंद केले. म्हजेंच नांव घे."

गुरवाने डोळे मिटले. ह्यावेळी आवाज खाली आला होता. "आई सातेरी, तुज्या शोधाचो माणूस तुज्या पायांकडे आपणच इलो. सगुण तेचा नाव. चुकलो, म्हाराजा. भिकाजीच्या माथ्यावरचो बोल उतरय, आणि ह्याका पदरात घे."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सगळ्यांनी म्हटलं, पण एकाच वेळी नाही. जसं ज्याला जमलं तसं. नारळ उचलला. सगुण खांबापाशी गेला तोवर भिकाजी यशोदेच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या उतरत होता. थांबला नाही.

त्या संध्याकाळी पिल्लं फुसफुसत राहिली आणि सगुणाला गडग्यापर्यंत जायचा धीर झाला नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

सकाळी गडग्यापलीकडे भिकाजी उभा होता. चादर तशीच, हातात तारेचा पिंजरा. पिंजऱ्यात उंदीर, जिवंत, इकडून तिकडे धावत होता. विषाच्या गोळ्यांचं काल सुलोचनेने यशोदेच्या कानावर घातलं होतं.

"जितो हाडलंय," भिकाजी म्हणाला. "बगून घेवा." पिंजरा गडग्यावर ठेवून तो गेला.

दोन्ही पिल्लं जगली. मधलं अंगाने भरलं, दोघांना पंख आले, आणि एका संध्याकाळी ती माळ्यावरून उडून आधी आंब्यावर आणि मग थेट गिरणीच्या नव्या पत्र्याखाली जाऊन बसली. ती तिथे अजून दिसतात, असं भिकाजी यशोदेला सांगायचा आणि यशोदा सुलोचनेला. सुलोचना ते सगुणाला सांगायची. थेट त्याच्यापर्यंत यायचं नाही.

पण ती उडेपर्यंत रोज सकाळी गडग्यावर पिंजरा यायचा, कधी दोन पिंजरे, आणि प्रत्येकात जिवंत उंदीर. सगुणाने जन्मात झुरळ मारलेलं नव्हतं, ते काम सुलोचनेचं. आता तिनेही हात वर केले. मग तोच पिंजरा पाण्याने भरलेल्या बालदीत बुडवायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा, धडपड थांबेपर्यंत. एका सकाळी त्याच्याने राहवलं नाही. भिकाजी पिंजरा ठेवत असतानाच तो गडग्याशी गेला.

"भिकाजी, पयलीं हाडटालो तशे मारून हाड रे. म्हज्यान जायना."

भिकाजीने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. असता तर सगुणाला सोपं गेलं असतं.

"नाय मास्तरांनू," तो म्हणाला. "मेललो उंदीर कशान मेलो, ता मी तुमका कसा पटवून देव?"

गिरणी सुरू करायची वेळ झाली होती, तो निघून गेला. सगुणाने पिंजरा उचलला आणि तो बालदीकडे वळला.